दुप्पट देणारी डबी

बाबांचा शेवटचा साधासुधा दिवस शनिवार होता. आमच्या गावच्या चर्चमध्ये ते शिडीवर उभे होते आणि मी शिडी धरून शाळेतल्या मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्यांचा हिशोब करत होते.

"लुपे, ही डबी काय करते माहितीये?" काडेपेटीएवढी पत्र्याची डबी त्यांनी मला दाखवली.

"बाबा, उशीर होतोय."

"कॅमेऱ्यातून आलेलं चित्र ही झटक्यात दुप्पट जोराचं करते. कायम दुप्पटच, कमी नाही, जास्त नाही. तारेच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लावावाच लागतो, नाहीतर चित्र टोकाला आपटून मागे फिरतं. एक इथे डबीच्या तोंडाशी, दुसरा पलीकडे तारेच्या टोकावरच्या टोपीत. त्या वाटणीत निम्मं जातं. म्हणून आधीच दुप्पट द्यायचं, मग पलीकडे हवं तेवढं पोचतं. कळलं?"

"नाही. आणि कळून मला करायचंय काय?"

ते हसले आणि खाली उतरले.

चर्चमध्ये न मावणारी माणसं मैदानापलीकडच्या सभागृहात पडद्यावर प्रार्थना बघत. ती तार बाबांनीच ओढली होती. सोमवारी सकाळी ते अंगणात कोसळले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे गेलेल्या माणसाबरोबर त्याची लाडकी वस्तू देतात. मला दुसरं काही सुचेना. चुलतभाऊ सेमिसीकडून मी ती डबी काढून आणवली आणि चटयांत गुंडाळलेल्या बाबांच्या हाताखाली ठेवली. दारासमोरच त्यांना पुरलं.

पुढच्या रविवारी सभागृहात कोणीतरी किंचाळलं. पडद्यावर पांढऱ्या कोटातल्या पाद्रींच्या उजव्या खांद्यामागे एक काळसर माणूस उभा होता. पाद्रींनी हात वर केला की तोही करायचा.

"इआकोपो," आई पुटपुटली. बाबांचं नाव तिने आठवडाभरात पहिल्यांदाच घेतलं.

पुढच्या रविवारी चर्च ओस आणि सभागृह तुडुंब. तिसऱ्या रविवारी रोपाती आला. बंदरावरच्या गावातला हा तेल मंतरणारा, पडद्याकडे पाठ करून सावलीशी बोलायचा.

"इआकोपो मला रोज भेटतो," तो डोळे मिटून म्हणाला. "म्हणतो, माझ्या बायकोला, अकेनेसेला सांग, सुया फेकून दे. दोन चमचे तेल. मी उभा आहे तोवर साखर तुझ्या रक्ताला शिवणार नाही."

"रोज भेटतो ना?" म्हातारी फुआतिनो मागून म्हणाली. "मग विचार, माझा रेडिओ दुरुस्त करून ठेवला कुठे."

"आत्मे असल्या क्षुल्लक गोष्टींत पडत नाहीत, आजी."

"साखरेत बरे पडतात."

लोक हसले, पण आई हसली नाही. तिने इन्सुलिन बंद केलं. दहा दिवसांत तिच्या पायाची जुनी जखम काळवंडली. नर्स म्हणाली, असंच चाललं तर पाय जाईल, कदाचित आईही.

"आई, एक सुई. माझ्यासाठी."

"तुला बाप दिसत नाही, त्याला मी काय करू?"

मला घरात बसवेना. पाचव्या रविवारी मी सभागृहात भिंतीला टेकून उभी राहिले आणि माणसाकडे बघायचं सोडून पडद्यावरच्या बाकी गोष्टींकडे बघू लागले. व्यासपीठाच्या खांबाशेजारी फिका खांब होता. घड्याळाशेजारी फिकं घड्याळ. सगळं उजवीकडेच, सारख्याच अंतरावर.

घड्याळ कधी मेलं होतं?

बाबांचं शिडीवरचं बोलणं आठवलं, तारेची दोन्ही टोकं. सेमिसीला बाहेर बोलावलं. "डबी काढल्यावर तारा कशा जोडल्यास?"

"तीन तोंडांचा जोड लावला. एक फाटा चर्चच्या टीव्हीला, एक इकडे."

"आणि इकडची टोपी?"

तो ओशाळला. "चित्र अंधारं आलं गं, ताई. टोपी काढली तर लख्ख झालं. म्हणून काढून टाकली."

टोपी त्याच्या खिशातच होती.

मी आईला पडद्यासमोर पहिल्या बाकावर बसवलं आणि तारेच्या टोकाला टोपी लावली. चित्र मंद झालं. काळसर माणूस गेला. खांब एक, घड्याळ एक.

"आत्मा रुसला," रोपाती ओरडला. "या पोरीच्या अश्रद्धेने रुसला."

मी टोपी काढली. माणूस परत आला.

"रुसवा गेला वाटतं," फुआतिनो म्हणाली.

मी पाच वेळा लावली, पाच वेळा काढली. मग आईशी बोलले, बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं. "टोकाला टोपी नसली की चित्र तिथे आपटून मागे फिरतं. चर्चमधल्या जोडावर पुन्हा आपटतं आणि जरा उशिरा इकडे येतं, उलटं होऊन. पांढऱ्याचं काळं. तो पाद्रींचाच कोट आहे, आई. बाबांची डबी जागेवर असती तर हे झालं नसतं. ती मी काढली."

रोपातीने तेलाची बाटली उचलली. त्याला कोणी अडवलं नाही.

"म्हणजे तो नव्हताच," आई म्हणाली.

"नव्हता."

"मग सुई आण."

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: आपलं माणूस दिसलं असं वाटलं, तर शेजारच्या घड्याळाकडेही बघा. दुःखात डोळे हवं ते बघतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी तेल घेऊन येतं. औषध थांबवायला सांगणारा आत्मा नसतो, माणूस असतो.

बाबांच्या वहीतल्या आकृतीवरून मी दुसरी डबी केली. तीन वेळा चुकले. चौथ्यांदा चित्र लख्ख आलं, टोपी लावूनसुद्धा. सभागृहातून मी थेट घरी आले. आई ओट्यावर पाय सोडून बसली होती, पायाला पांढरी पट्टी होती. मी अंगणात बाबांच्या थडग्याच्या दगडावर बसले.

"कळलं होतं, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "त्याच दिवशी, शिडी धरली होती तेव्हाच. सगळं कळलं होतं."