थोरलीसाठी चार ठोकळे

समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज गोळा करणारे तरंगते केंद्र यार्डात बांधून झाले आणि ते न्यायला जहाज आले. या जहाजाची रीतच उलटी. टाक्यांत पाणी भरून घेऊन ते मुद्दाम बुडते, आपली सपाट पाठ पाण्याखाली नेते. ओझे तरंगत वर आणले की पाणी उपसून त्याला पाठीवर घेऊन उठते. सकाळी ते केंद्रासकट उठले, तेव्हा धक्क्यावरच्या माणसांना लेक सासरी निघाल्यासारखे वाटले.

केंद्र बसले पुढच्या अंगाला. मागची पाठ मोकळीच होती आणि तिथे वेल्डरांनी फोरमनच्या, म्हणजे दादाच्या, नकाशाप्रमाणे जोडलेले चार पोलादी ठोकळे रिकामे उभे होते. पाहुणे यायचेत वाटतं, खुर्च्या मांडून ठेवल्यात, असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. ताईसुद्धा हसली.

यार्डातल्या सर्वांत उंच क्रेनला सगळे थोरली म्हणत आणि ती चालवणारीला ताई. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, यार्डाचा फोरमन. थोरलीवर बसायला तिला त्यानेच शिकवले होते. परवा त्याने सांगितले की रंग द्यायचाय, थोरलीला धक्क्याच्या टोकाला आणून उभी कर. तिने आणून उभी केली होती.

ताई केबिनमधून उतरली तर खाली जहाजाचा लादणी अधिकारी वाट बघत होता. त्याने अदबीने विचारले, क्रेनचा हात तुम्ही बांधून देणार की आमची माणसं बांधू? दुपारी तिला जहाजावर घ्यायचीय. ताईला वाटले, याचा काही घोटाळा होतोय. त्याने जहाजाच्या मागच्या अंगाकडे बोट दाखवले. चार ठोकळे. थोरलीला पायही चारच.

दादा ऑफिसात चहा पीत होता. ती आत आली तशी त्याने कप खाली ठेवला.

"थोरली विकली?"

"मालकांनी विकली. मी कोण विकणारा?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

दादा खिडकीकडे बघत म्हणाला, "केंद्र अर्धं व्हायच्या आधीपासून."

मग तो समजावू लागला. यार्ड बंदच होणार होते. क्रेनला ओझी बांधणाऱ्या रिगरांना कळले असते तर ते टिकले नसते, केंद्र अर्धवट गंजत पडले असते. क्रेनबरोबर तोही चालला होता, नव्या यार्डात फोरमन म्हणून. तिकडे बस्तान बसले की तिच्यासाठीही शब्द टाकणार होता. वहिनीने मागच्या आठवड्यात चांगले पडदे तिला देऊन टाकले होते, जुने झाले म्हणाली होती. ताईला आत्ता ते आठवले.

पण तिच्या मनात सलत होते ते वेगळेच. मागच्या वर्षी रिगरांना दुसरीकडून बोलावणे आले होते. पुढचे काम येणार, असे दादा छातीठोक सांगत होता, तरी ते बधत नव्हते. रिगरांचा म्होरक्या, सगळ्यांचा मामा, तिला म्हणाला होता, फोरमनच्या तोंडात साखर असते गं, तू सांग. तिने त्या दिवशी जेवताना दादाला विचारले. येणार, तो म्हणाला. तिने तसेच जाऊन सांगितले आणि सगळे राहिले. मामाने तर मुलालाही हातची नोकरी सोडायला लावली.

"मला तरी सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तुला खोटं बोलता येत नाही. सांगितलं असतं तर तू त्यांच्यापुढे गेली नसतीस." दादाचा आवाज मऊ झाला. "माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता गं. तुझ्यावर होता."

तो हे कौतुकाने बोलावे तसे बोलला. आता दुपारपर्यंत गप्प राहा, एवढेच कर, असेही म्हणाला.

केसाने गळा कापणे म्हणतात ते हे, आणि तेही आपल्याच हाताने, दुसऱ्यांचा. ती बाहेर पडली.

शेडमध्ये रिगर वायरचे दोर गुंडाळत होते. पुढचे काम कधी सुरू होतेय, यावर त्यांची पैज चालली होती. ताईने उभ्या उभ्या सगळे सांगितले. पुढचे काम नाही. यार्ड बंद. थोरली दुपारी जातेय, आणि दादाही. आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचले.

हातातले दोर खाली आले. कुणी दादाला शिवी दिली नाही. सगळे मामाकडे बघू लागले. मामाने तिच्याकडे पाहिले.

"ताई, हे तरी खरं ना?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच कळत नव्हते.

तिने शपथेसारखे काही शोधले. मग म्हणाली, "माझ्या शब्दावर जाऊ नका, मामा. ठोकळ्यांमधलं अंतर बघा, थोरलीच्या पायांमधलं बघा."

मामाने मान हलवली. खिशातून टेप काढला, एकाला दुसरे टोक धरायला दिले आणि दोघे मोजायला धक्क्याकडे निघाले. बाकीचेही मागोमाग गेले. चल, असे तिला कुणी म्हटले नाही.