करंट गेल्यावरचा फोन

“सर, आज तुम्ही फक्त ऐकायचं हं,” टेबलावरचा स्पीकरफोन जवळ ओढत शंतनु म्हणाला. “ऑब्जेक्शन वगैरे काही नको. आपल्या क्लायंटची मोडेमची चिप याच प्रपोजलवर उभी आहे.”

सुधींद्ररावांनी मान हलवली. गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार! बंगलोरच्या बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातला हा माणूस, मुळातच घुम्या. पुण्याहून आलेला शंतनु वयाने लहान, पण त्यांचा साहेब.

टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट न्यायचं, तर त्याचे नियम साऱ्या जगात एकच हवेत. म्हणून देशोदेशीच्या कंपन्यांची समिती बसली होती. तिची रीत मोठी अजब. मतदान नाही, काही नाही. अध्यक्ष विचारणार, ‘कुणाची हरकत?’ कुणी बोललं नाही की ठराव पक्का; एकाने जरी हरकत घेतली, तर तो अडला.

आजचा ठराव असा, की तारेवर बोलण्यासाठी राखलेला थोडासा भागही इंटरनेटला देऊन टाकायचा. बोलणं मग घरातल्या एका डब्यातून जाईल आणि तो डबा घरच्या विजेवर चालेल. वेग वाढेल खरा, पण वीज गेली की फोन मुका.

“करंट गेला तर?” सुधींद्ररावांनी परवा विचारलं होतं.

“मग काय, येईपर्यंत थांबायचं! तेवढ्यात कोण मरतंय, सर?” शंतनु हसला होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

दोन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी अख्ख्या बसवनगुडीतली वीज गेली होती आणि ऑफिसात त्यांच्या बायकोचा, वसुमतीचा फोन आला. “अहो, करंट गेलाय. छातीत स्वल्प दुखतंय. येता का?” त्या बाईच्या तोंडी ‘स्वल्प’ आलं की समजावं, दुखणं हाताबाहेर गेलंय. “आलोच,” म्हणून ते रिक्षाने धावले. जीव वाचला नाही, पण गेली ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. घरचा काळा फोन एक्सचेंजच्या बॅटरीवर चालायचा, म्हणून तेवढी तरी भेट झाली.

“कुणाची हरकत?” स्पीकरफोनमधून अध्यक्षांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. शंतनुने ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर मूग गिळून बसलास, आता तरी तोंड उघड की रे, असं सुधींद्ररावांनी स्वतःलाच खडसावलं आणि ते पुढे वाकले.

“बंगलोरहून सुधींद्र राव,” ते इंग्रजीत म्हणाले. “माझी हरकत आहे. वीज गेली तरी फोन चालला पाहिजे. माणसाला तेव्हाच त्याची गरज लागते.”

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग अध्यक्ष म्हणाले, “हरकत आहे, तर ठराव बाजूला ठेवू. बोलण्याचा भाग तूर्त तसाच राहील.”

शंतनुने फोन बंद केला. “काय केलंत हे, सर! वर काय तोंड दाखवू मी? उद्यापासून तुम्ही या प्रोजेक्टवर नाही.” मग तो म्हणाला, “पण का? मला आधी सांगायचं तरी!”

“घरचं कारण होतं,” सुधींद्रराव म्हणाले आणि जेवणाचा डबा उचलून निघाले. एवढ्या वर्षांचं काम हातचं गेलं, याचं वाईट वाटतच होतं.

संध्याकाळी ते घरी पोचले तर वीज गेलेली. मेणबत्ती न शोधता ते वसुमतीच्या खुर्चीत बसले आणि रिसीव्हर कानाला लावला. तार जिवंत होती. डायल टोनचा तो सूर त्यांनी आपोआप बंद होईपर्यंत ऐकला. मग झोपलेलं माणूस जागं होऊ नये, अशा बेताने रिसीव्हर खाली ठेवला.