खुळखुळणारी शेपटी

मी जुनी आहे, मित्रांनो, पण मुकी नाही. आज मला राग आलेला आहे आणि तो गिळून तुम्हाला गोडगोड गोष्ट सांगायला मी बसलेली नाही.

मी होडीची शेपटी. अस्सल सागाची, माणसाहून लांब, पुढे जाड आणि मागे पातळ. तुम्ही वल्ही पाहिली असतील. ती होडीच्या दोन्ही कुशींना असतात आणि त्यांना चार-चार गडी लागतात. मी मात्र होडीच्या मागे एकटी असे. एका माणसाने माझा दांडा धरून मला नुसतं डावी-उजवीकडे हलवलं, की होडी पुढे सरके. मासा सरकतो तशीच.

कोपर गावात, खाडीच्या काठी सगुणाचं मिठागर होतं. नवऱ्यामागे तिने ते एकटीने राखलं आणि नाथाला, एकुलत्या एका मुलाला, वाढवलं. मला घडवलं धाकू सुताराने, पण अक्कल सगुणाची. बांधावर बसून ती बोईट मासे कसे पळतात ते बघत असे. धाकूने माझं पातं दांड्याला खुंटी ठोकून घट्ट बसवलं, तशी ती कडाडली.

"काढ ती खुंटी! मासा कवा शेपटी ताठ धरून पवतं का रं?"

"अगो सगुणे, सैल ठेवली तर खुळखुळंल. लोक मना हसतील."

"हसूं दे. दात दिसतील त्यांचे."

धाकूने खुंटी काढून दोन बोटं ढील दिली. त्या ढिलाईत माझा जीव होता, मित्रांनो. दांडा डावीकडे गेला की पातं एका अंगाला कले, उजवीकडे आला की दुसऱ्या अंगाला, आणि दर कलण्याला पाणी मागे फेकलं जाई. त्यात मी खुळखुळत असे. राबत्या बाईच्या बांगड्या वाजतातच. त्यात लाजायचं काय?

वारा पडला की इतर होड्या शिडं लोंबकळत उभ्या राहत. आमची होडी मीठ भरून सरळ कल्याणच्या बंदराला लागे. नारळी पुनवेला सगुणा आधी मला हळदकुंकू लावी, मग होडीला. मला ती थोरली सून म्हणे. खऱ्या सुनेला, लक्ष्मीला, ऐकवीसुद्धा, "ही बघ, राबतं पन आन उलट बोलत बी नाय." लक्ष्मी तोंडाला पदर लावून म्हणे, "उलट नाय बोलत, पन खुळखुळतं किती!"

कौतुक असं असतं. ते टिकवायला मात्र समोरच्याला कणा लागतो, आणि नाथाला तो नव्हता.

एकदा सगुणा दिवा गावाला, आजारी भावाकडे गेली होती. कल्याणच्या बंदरात रघु तांडेलाने चारचौघांत नाथाला डिवचलं, "काय रं नाथा, आयशीची शेपटी आनलीस? दात पडल्या म्हातारीसारखी वाजतं!" सगळे खदखदा हसले. झालं! नाथाचं नाक कापलं गेलं. त्याच दिवशी त्याने लोहाराकडून माझ्या सांध्यावर लोखंडी पट्टी ठोकून घेतली. मी खुळखुळायची थांबले. माझं पातं कलायचंही थांबलं.

पुढच्या खेपेला तो घाम गाळून दांडा मारत होता आणि होडी जागच्या जागी ढुंगण हलवत होती. तेवढ्यात ओहोटी लागली. होडी कललेली चिखलात रुतली, आत पाणी शिरलं आणि मीठ जिथून आलं होतं तिथेच परत गेलं.

पट्टी कोणी ठोकली? नाथाने. अवलक्षणी कोण ठरलं? मी! त्याने मला माडाच्या झापांच्या ढिगाखाली दडपलं आणि आईला सांगितलं, "आये, शेपटी बुडाली." ती माऊली माझ्यासाठी दोन दिवस जेवली नाही. मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. कोंबड्या माझ्यावर अंडी घालत होत्या.

वर्षं गेली. सगुणाच्या डोळ्यांवर पडदा आला. नाथाच्या मुलीचं, शकूचं, लग्न निघालं आणि जेवणावळीला लाकडं हवी झाली. नाथाने मला ओढून काढलं आणि कुऱ्हाड उचलली. आता आपली राख होणार, हे मला कळलं.

पहिला घाव लोखंडी पट्टीवर बसला. ठण्!

ओटीवर बसलेल्या सगुणाने मान वळवली. "लाकूड ठण् वाजत नाय. काय तोडतंस रं नाथा?"

"काय नाय गो आये, जुनी फली हाय."

ती चाचपडत आली. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरला, पात्यावर आला, पट्टीवर थांबला.

"बुडाली व्हती ना रं?"

नाथाने कुऱ्हाड खाली ठेवली.

"माज्या सुनंचं मनगट बांधलंस, आन चालत नाय म्हनून तिलाच जालाया निघालास? लक्ष्मे, पहार आन!"

लक्ष्मीने पट्टी उचकटली. मी खुळखुळले आणि म्हातारी हसली.

तेव्हा भांगाच्या भरत्या होत्या. पाणी मिठागरापर्यंत चढत नव्हतं, वाफे कोरडे पडले होते आणि बायका पाणी उपसून थकल्या होत्या. सगुणाने मला बांधाच्या तोंडाशी टांगायला लावलं, जिथे खाडीचं पाणी चिंचोळं होऊन धावतं. दांडा दोन लवत्या बांबूंच्या मधे अडकवला आणि वरच्या टोकाला दोरीने पोहरा असा बांधला, की हेलकाव्यासरशी तो खाडीत बुडून भरे आणि परतताना वाफ्यात उलटे. ओहोटी सुरू झाली. पाण्याने मला डावीकडे लोटलं, पातं कललं, बांबूने परत ढकललं, मी उजवीकडे गेले. दांड्याला कोणाचाच हात नव्हता! जे पाणी मी जन्मभर ढकललं, तेच आता मला हलवत होतं आणि दर हेलकाव्याला पोहराभर पाणी वाफ्यात पडत होतं.

"बगा गो," लक्ष्मी ओरडली, "आयेची थोरली सून एकटीच राबतं!"

सगुणा आता नाही. मी अजून त्याच तोंडाशी आहे. आल्यागेल्याला नाथा सांगतो, "ही युक्ती माजी." सांगू दे. पण मित्रांनो, परवापासून तो बांधावर उभा राहून माझा खुळखुळाट ऐकतो आणि कपाळाला आठ्या घालतो. आज त्याच्या हातात काथ्याची दोरी आहे.

तुमच्या घरी कोणी खुळखुळत असेल, तर आधी ते काय काम करतं ते बघा आणि मगच दोरी शोधा. आणि तू रे नाथा, तुझ्या आईचा हात माझ्या पाठीवरून फिरलेला आहे. ठेव ती दोरी खाली.