मोकळेबाबांचा जिना

इमारतीच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो छातीवर हात ठेवून उभा. शिष्य नंबर पुकारायचा, तो माणूस जिन्याकडे धावायचा, आणि थोड्या वेळाने चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आरोळी यायची, "मोकळा झाला!" की खाली सगळ्यांचे हात जोडले जायचे. मोकळेबाबा हृदयातले ब्लॉकेज बोटांनी काढत. ना चिरा, ना टाका.

लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी होती. शिष्य बजावायचा, "जिना एका दमात चढायचा. मध्ये थांबलात तर गुण येणार नाही!"

दादाचा नंबर सदतिसावा. मी सोबत गेले होते, नाक मुरडत. मी दवाखान्यात ईसीजी काढते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण दादा म्हणाला, "छोटे, चल गं, तू असलीस की धीर येतो," म्हणून गेले.

ब्याण्णव पायऱ्या. वर पोचेपर्यंत दादाचा चेहरा पांढरा पडला, छाती कुणी मुठीत आवळल्यासारखी झाली. त्याला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. दहा मिनिटं मौन. मग बाबा आले, ओला टॉवेल त्याच्या छातीवर टाकला.

"डॉक्टर तार घालून नुसतं बघतात, मी बोट घालून काढतो! गाळ आहे, गाळ! निघाला की पाणी खळखळ!"

टॉवेलखालून पिवळट गोळा निघाला, करंगळीएवढा.

"दुखतंय?"

दादाने छाती चाचपली. "नाही हो. खरंच नाही!"

"गोळ्या बंद. मोकळ्या नळीला औषध कशाला?"

मी तिथेच उभी होते. दुखणं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि दादाला घेऊन तशीच जिना उतरले. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

घरी भांडण झालं. मी म्हटलं, "कातडीला साधा छेदही न देता हृदयातलं काही बाहेर येत नाही, दादा. गोळ्या घे. पुढच्या महिन्यात तपासणी आहे."

दादा तीस वर्षं प्लंबिंग करत होता. तो गोळा बाटलीत घालून उजेडात धरत म्हणाला, "तूच सांगितलंस ना मला? पाइपात गाळ बसतो तसं ब्लॉकेज असतं. मग गाळ म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. गाळ निघतो. मी आयुष्यभर तेच केलं."

हो, मीच सांगितलं होतं. दवाखान्यात बसून, घाईत, त्याला समजावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो हौसेने माझ्याकडून ईसीजी काढून घ्यायला आला. पट्टी चांगली निघाली. "बघ, तुझं मशीनसुद्धा बाबांच्या बाजूचं!" मी कळवळून सांगितलं, की आडव्या पडलेल्या माणसाची पट्टी पुष्कळदा चांगलीच येते, त्रास चालण्याचा असतो. तो हसला. वहिनीनेही गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, एका तळघरात नळाचा सांधा आवळताना दादा खाली बसला. मदतनिसाने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. हातातला पाना सोडवून घ्यावा लागला.

महिन्याभराने वहिनीने ती बाटली टेबलावर ठेवली. "वन्सं, हे ठेवू की टाकू?" मी गोळा बाहेर काढला, मधून चिरला. आत सुताची वात होती. वहिनीने काडी ओढली. गोळा शांतपणे जळू लागला, कारण ती मेणबत्तीच होती. वहिनी त्या ज्योतीकडे बघून इतकी रडली, की मला ती विझवावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर गेलो. दाराबाहेर पेशंटांसोबत आलेल्या माणसांचा घोळका होता. एक म्हातारे पोस्टमन धापा टाकत वर आले, छाती धरून. मी त्यांना बाबांच्या दाराबाहेरच खुर्ची दिली. "काका, इथेच बसा. डोळे मिटा, बोलू नका." घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी त्यांनी मान हलवली. "गेलं की! बाबा कधी आले?"

"बाबा अजून आत चहा पितायत," मी म्हटलं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. दुधाची पिशवी घेऊन शिष्य बाहेर आला. बंद लिफ्टमधून! कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणीच हसलं नाही.

बाबा दारात आले. वहिनीने त्यांना दादा गेल्याचं सांगितलं. "तुमचा माणूस अश्रद्ध होता. म्हणून गेला."

वहिनी म्हणाली, "अश्रद्ध असता तर आज घरी असता."

निम्मी माणसं जिना उतरली. निम्मी तिथेच थांबली, हेही सांगायला हवं.

आता मी नीट सांगते, तेव्हा सांगायला हवं होतं तसं. रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे. ती जिवंत असते, आणि चरबी तिच्या पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत, अस्तराखाली साठते, वर्षानुवर्षं. वाट अरुंद होते. बसलेल्या माणसाच्या हृदयाला तेवढं रक्त पुरतं. जिना चढताना पुरत नाही, म्हणून छाती आवळते. थांबलं की मागणी उतरते आणि दुखणं जातं. बाबांचा चमत्कार एवढाच: ब्याण्णव पायऱ्या आणि एक खुर्ची. पण एखाद्या दिवशी ते अस्तर फाटतं, जखम समजून रक्त तिथे गोठतं, आणि उरलेली वाट घटकेत बंद होते. गोळ्या त्या अस्तराला बळ देतात, रक्ताला पटकन गोठू देत नाहीत. दादाला त्या हव्या होत्या त्या नेमक्या एकोणीस दिवसांत.

दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नव्हे. गोळी बंद करा म्हणणाऱ्याला, तो कुणीही असो, आधी "का?" विचारा, आणि उत्तर घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. जिना चढताना छाती आवळली तर तिथेच बसा, आणि दुखणं गेलं तरी डॉक्टरांना दाखवा, कुणा बाबाच्या हाताची वाट पाहू नका. बसल्यावरही दुखणं गेलं नाही तर थेट दवाखाना गाठा.

परवा एका रिक्षावाल्याने मला विचारलं, "ताई, म्हणजे पाइप तुंबलाय का?" मी मशीन बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "नाही." मग पाऊण तास बोलले. दादाला मी दोन मिनिटं दिली होती.