मिठाची मूठ

“काकू, आमटीत आज पुन्हा मीठ दोनदा पडलंय,” वासंतीवहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट काही बोलता तरी आलं असतं.

चाखून का बघत नाही, असं कुणी विचारील. या घरात नैवेद्य झाल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही. निपाणी सोडून बेळगावात इथे स्वयंपाकाला राहिले तेव्हापासून मी हाताच्या अंदाजानं मीठ घालत आले. हात अजून चुकत नाही. मन चुकतं. घातलं की घालायचंय, तेच आठवत नाही. ही जागा गेली तर या वयात मला कोण दारात उभं करणार आहे?

उपाय सांगितला तो वहिनींच्या सासऱ्यांनी, आप्पांनी. कॅम्पातल्या शाळेत मास्तरकी करून घरी बसलेले. सकाळी देवघरात डोळे मिटून स्वस्थ बसायचे.

“नुसतं श्वासाकडे बघायचं, यशोदाबाई. मन पळालं की न रागावता परत आणायचं. विसरणं कमी होतं.”

“आणि भात करपला तर?”

“तेवढा वेळ भात मी बघतो की.”

बघतात कसले! आयतं ताट पुढ्यात येणाऱ्याला स्वस्थ बसायला काय जातंय? पण मी बसायला लागले, चूल पेटवायच्या आधी. मागच्या दारी भांडी घासणारी बाळाबाई हसायची.

“आक्का, बसल्या बसल्या डुलकी काढतायसा व्हय?”

“डुलकी नव्हे गं. मन धरून ठेवतेय.”

“माझं मन लई गुणाचं बघा. भांडी सोडून कुटं जातच न्हाय.”

खोटं कशाला बोलू, गुण आला. मीठ मुठीत घेतलं की थांबायचं. एक श्वास आत, एक बाहेर. हे मीठ, ही आमटी, असं मनात म्हणायचं आणि मग हात सोडायचा. कित्येक महिने कुठे चुकलं नाही. वहिनी दाराशी यायच्या थांबल्या.

मग आप्पांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. पहाटेपासून मी ओलेत्यानं चुलीपुढे, गुडघे भरून आलेले. आमटीला उकळी फुटली. मीठ घेतलं, थांबले, श्वास घेतला. आणि त्या थांबण्यात माझा शामू आला.

शामू मानमोडीच्या साथीत तापानं गेला, निपाणीला असताना. त्यानंतर कामाच्या रगाड्यात मी त्याला कधी पुढ्यात येऊच दिलं नव्हतं. आता पाटावर बसून ताट वाजवत होता. “आई, वाढ की लवकर.”

भानावर आले तेव्हा मूठ रिकामी होती. तळव्याला खडे चिकटलेले, पण ते नेहमीच असतात. मीठ आमटीत पडलं, की पुन्हा मडक्यात गेलं?

आत कुणी नव्हतं. थेंबभर जिभेला लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी पळी उचललीसुद्धा. पण पितरांच्या पानात उष्टं वाढायचं, ते काही मला जमेना. पळी ठेवली आणि वहिनींना जाऊन सांगितलं, “आमटीत मीठ घातलं की नाही, मला आठवत नाही.”

“ब्राह्मण पाटावर बसायला आलेत, काकू.”

“म्हणून तर सांगतेय.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आहे तशी वाढूया.”

श्राद्धाच्या पानावर जेवणाला चांगलं म्हणायचं नसतं, वाईटही म्हणायचं नसतं, आणि वरून मीठ मागायचं नसतं. ब्राह्मण मान खाली घालून जेवले. मी दाराआडून एकेकाचं तोंड न्याहाळत होते, काही कळेना. मागून आप्पा बसले. त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सगळ्यांच्या शेवटी मी पान मांडलं. आमटी अळणी होती, पार अळणी. आप्पांनी ती दोनदा का घेतली, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी सोवळं नेसून आत आल्या आणि मिठाचं मडकं उचलून वरच्या फळीवर ठेवलं. “काकू, मीठ तेवढं मी घालत जाईन. बाकीचं सगळं तुमचंच.”

मागच्या दारी जाऊन मी डोळे पुसले. बाळाबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“जागा ऱ्हायली न्हवं? मग रडतायसा कशाला?”

“राहिली गं, राहिली.”

तिला काय सांगू? मीठ दुसऱ्याच्या हातचं, तर मी कसली स्वयंपाकीण?

आता आमटीला उकळी आली की मी हाक मारते, “वहिनी, मीठ.” त्यांना यायला वेळ लागतो. तोवर मी सवयीनं रिकामी मूठ पातेल्यावर धरून थांबते. एक श्वास आत, एक बाहेर. शामू येतो, पाटावर बसतो, ताट वाजवतो. मन पळालं की परत आणायचं, असं आप्पांनी सांगितलं होतं. मी आता आणत नाही.