राबाचा पाला

कातळावर पानांचं चक्र मांडलेलं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मधोमध पिवळी पानं, मग तांबडी, कडेला काळपट. दिसायला सुंदर होतं, तेच जास्त झोंबलं. पाला आमचा होता.

हिर्डोशीच्या वर आमचा नाचणीचा तुकडा आहे. पावसाआधी रोपाच्या जागेवर शेण नि पाला पसरून भाजायचा, तो राब. त्याशिवाय रोप धड होत नाही. माझ्या सासूबाई रतनबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि मी, दोघींनी दोन महिने डोक्यावरून तो पाला वाहिला होता. उडू नये म्हणून ढिगावर दगड ठेवले होते. दगड ठेवलेला ढीग कुणाचा तरी असतो, एवढंही या शिकलेल्यांना कळू नये? ते दगडसुद्धा त्यांनी चक्राभोवती मांडले होते. शेण तेवढं जागेवर होतं. त्याला कोण हात लावतंय!

पुण्याहून रानात कलेचं शिबिर घ्यायला आलेली बाई, प्रेरणा, मोबाईलवर फोटो काढत होती.

"कुणाला इचारून घेतला पाला?" मी विचारलं.

"ताई, तो जंगलात पडलेलाच होता ना? आणि ही कला तात्पुरतीच असते. वारा येतो, सगळं घेऊन जातो. तीच तर गंमत."

"गंमत? वाऱ्यानं न्यायला म्या मान मोडून आणलाय व्हय? उचला समदं!"

ती सॉरी म्हणेपर्यंत वारा सुटलाच. आत्याबाई साठीच्या वयात पदर पसरून पानांमागे धावल्या. प्रेरणाही धावली. पण अर्धा पाला दरीत गेला तो गेलाच. पाऊस तोंडावर आला होता, नवा कुठून आणणार? अर्धाच राब भाजला, अर्धंच रोप झालं, अर्धं वावर मोकळं राहिलं.

श्रावणात प्रेरणाने मोबाईलवर फोटो पाठवला. नंबर तिने त्या दिवशी मागून घेतला होता. पुण्यात प्रदर्शन लागलं होतं, आणि चक्राच्या फोटोखाली छापलं होतं, 'साहित्य: जंगलात पडलेला पालापाचोळा'. मी आत्याबाईंना वाचून दाखवलं.

"नूतन, तिला आपलं वावर दाव," त्या म्हणाल्या.

मी बांधावर जाऊन मोकळ्या वावराचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "ही पण तुमचीच कला. पण ही तात्पुरती न्हाई, वरीसभर ऱ्हाईल."