बांधल्याप्रमाणे

माझा थोरला भाऊ तिसऱ्या मजल्यावर भाजला आणि त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर दाखल झाला. ही इमारत बांधून झाल्यावर रुग्णालयाच्या ताब्यात दिली ती मी. ज्या केबलमध्ये त्याचं ड्रिल घुसलं ती माझ्या ड्रॉइंगमध्ये त्या भिंतीत नव्हतीच. भिंतीत मात्र होती.

बांधकाम कंपनीत माझं खातं सगळ्यात शेवटचं. आधी अंदाजपत्रकवाले येतात, ते कागदावर स्वर्ग उभा करतात. मग करारवाले, त्यांना प्रत्येक ओळीत दगाफटका दिसतो. मग दोन-तीन वर्षं साइटवाले चिखल तुडवतात. आणि सगळे जेवून उठले की खरकटं काढायला मी. राहिलेल्या कामांच्या याद्या, चाव्यांचे जुडगे, पंपांची हमीपत्रं, लिफ्टचे दाखले आणि ड्रॉइंगं. उद्घाटनाच्या फोटोत मी कधीच नसते, पण माझ्या सहीशिवाय एकही इमारत आमच्या हातून सुटलेली नाही, याचा मला चांगला माज होता.

आता ड्रॉइंगचं असं असतं की काढलं तसं कुणीच बांधत नाही. कुठे तुळई आडवी येते, कुठे पाइपाला जागा पुरत नाही, कुठे मोठ्या डॉक्टरांना ऐनवेळी भिंत सरकवून हवी असते. साइटवर असा बदल झाला की फोरमनने तो छापील ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने नोंदवायचा. काम संपलं की ते सगळं लाल मूळ ड्रॉइंगवर चढवायचं, आणि मगच कोपऱ्यातल्या चौकटीत ‘बांधकामासाठी’ हे शब्द काढून ‘बांधल्याप्रमाणे’ असं लिहायचं. पुढे दहा वर्षांनी ड्रिल घेऊन येणारा माणूस तो एक शब्द वाचतो आणि भिंतीवर विश्वास टाकतो.

या साइटच्या वीजकामाचा फोरमन कानामागे कायम लाल पेन्सिल खोचून हिंडायचा, म्हणून त्याला सगळे पेन्सिलकाका म्हणत. ताबा द्यायला अकरा दिवस उरले असताना त्याने सगळी लाल केलेली शीटं पुठ्ठ्याच्या नळीत घालून माझ्या टेबलावर ठेवली. “मॅडम, आता तुमच्या हवाली,” म्हणाला, आणि दुसऱ्या साइटवर निघून गेला. आमचा ड्राफ्ट्समन आदल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. शीटं होती दोनशे चौदा. मी डायरेक्टरसाहेबांकडे गेले. आग लागली तरी हा माणूस ‘होऊन जाईल’ म्हणेल, म्हणून त्यांचं नावच ऑफिसात होऊन-जाईल पडलं होतं.

“दोन माणसं द्या, साहेब. लाल चढवायचं आहे.”

“अगं, होऊन जाईल. आत्ता फक्त कोपरा बदल. लाल नंतर चढव. वर्षभर हमीचा काळ आहे की आपल्याकडे!”

मी कोपरा बदलला. एका दुपारचं काम. कॉम्प्युटरने सगळ्या शीटांवरचा शब्द एका दमात बदलला आणि मी मनगट दुखेपर्यंत सह्या केल्या. फीत कापली गेली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं जो तो म्हणाला आणि मीही म्हणाले. पुढच्या सोमवारी मी दुसऱ्या साइटवर होते. नळी माझ्या कपाटावर राहिली. ती मला दिसत नव्हती असं सांगण्यात अर्थ नाही. चौदा महिने मी तिच्यावरची धूळ झटकत होते.

दादाला या रुग्णालयात चिकटवलं तेही मीच. तीस वर्षं त्याने वायरमनचं काम केलं आणि गुडघे गेले. मी देखभालप्रमुखाकडे शब्द टाकला, म्हटलं छपराखालची नोकरी, शिड्या कमी. माझा भाऊ इतका सावध की घरात बल्ब बदलायचा तरी मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात घालणार. सगळं घर अंधारात, आणि हा आरामात टेबलावर उभा. “यांच्याबरोबर संसार म्हणजे निम्मं आयुष्य अंधारात,” वहिनी म्हणायची. ड्रॉइंग वाचायला मला कॉलेजने नाही शिकवलं, त्याने शिकवलं.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये रुग्णांना धरून चालायला दांडा बसवायचा होता. दादाने ड्रॉइंग काढून पाहिलं. त्यात मेन केबल शाफ्टमधून, म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या त्या अरुंद पोकळीतून सरळ वर गेली होती. भिंत मोकळी होती. रुग्णालयाची मेन बंद करता येत नाही, म्हणून त्याने फक्त कॉरिडॉरची लाइन बंद केली. केबल शोधायचं यंत्र फिरवलं, पण प्लास्टरखाली तारेची जाळी असल्यामुळे ते जागोजागी कोकलत होतं. मग त्याने ड्रॉइंगवर भरवसा ठेवला. तीन भोकं नीट झाली. चौथ्याला जाळ झाला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. उजवा हात दुसऱ्या दिवशी मनगटाच्या वरून काढावा लागला.

मला फोन आला तेव्हा मी कुणाला तरी पंपाच्या हमीपत्रावरून झापत होते. रुग्णालयातून मी घरी गेले नाही, ऑफिसात गेले. खुर्चीवर चढून नळी काढली आणि ते एक शीट सापडेपर्यंत बाकीची भराभरा बाजूला सारली. लाल रेष तिसऱ्या मजल्यावर शाफ्टमधून बाहेर पडून भिंतीत शिरली होती आणि चार मीटर गेल्यावर पुन्हा आत वळली होती. शेजारी पेन्सिलकाकाचं ठसठशीत अक्षर होतं: ‘शाफ्टमध्ये ड्रेनेजचा पाइप आला. मेन केबल भिंतीतून नेली. उंची ९० सेंमी. इथे भोक पाडू नये.’ खाली तारीख आणि सही.

सकाळी ते शीट साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

“हे आणखी कुणी पाहिलंय?”

“नाही.”

“मग हात दाखवून अवलक्षण कशाला? ताबा देऊन वर्ष उलटलं. त्यानंतर भिंतीत कुणी काय केलं, आपल्याला काय ठाऊक? तुझ्या भावाचं आपण बघू. चांगलं बघू. रुग्णालयाला पत्र पाठव.”

हात हा शब्द त्यांनी सहज वापरला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पत्र मी लिहिलं. असली पत्रं मीच लिहिते, तो माझ्या हातचा मळ आहे. ‘ताबा देतेवेळी सदर केबल ड्रॉइंगप्रमाणेच होती. त्यानंतरचे बदल रुग्णालयाच्या देखभाल विभागाने केले असावेत.’ देखभाल विभाग म्हणजे कुणी माणूस नव्हे, असं मी स्वतःला समजावलं आणि सही केली. त्या विभागात केबलला हात घालणारा एकच माणूस होता, हे मला पाठ होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते हेच.

पत्र पोचलं आणि चौकशी समिती दादाच्या खाटेशी आली. त्यांना आयतंच सापडलं. वर्षापूर्वी नव्या एक्स-रे मशीनसाठी दादाने तिसऱ्या मजल्यावर केबल ओढली होती. तेव्हा मेन केबल त्यानेच वळवली नसेल कशावरून? वळवली, नोंद केली नाही आणि विसरला. निष्काळजीपणा ठरला की नोकरी तर जाणारच, वर तीस वर्षांच्या कामाला काळं.

पण नोकरीचं दादा बोलतच नव्हता. मी रोज डबा घेऊन जायचे आणि तो रोज तेच विचारायचा.

“बारके, मीच वळवली असेन का गं?”

“डोक्याला ताण देऊ नकोस, दादा.”

“मशीनची केबल मला आठवते. कुठून आणली, कुठे जोड दिला, सगळं. ही आठवत नाही. पण समितीत शिकलेली माणसं आहेत, कागद बघून बोलतात. आपण केलेलं काम माणूस विसरतो का गं?”

मी डब्याचं झाकण उघडायचे. सहा दिवस मी फक्त डब्याचं झाकण उघडलं. तो पडल्या पडल्या डोळे मिटून डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरवायचा, मजले मोजायचा, आणि तिसऱ्यावर आला की अडायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं. माझी मला किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा.

वहिनी तर त्याच्यावरच उखडली होती. “घरात साध्या बल्बसाठी आम्हाला अंधारात बसवायचं, आणि तिथे मात्र शेण खाल्लं! लिहून ठेवायला काय झालं होतं हो तुम्हाला?” बोलायची, आणि लगेच त्याच्या तोंडाला पाणी लावायची. तो मान हलवायचा. चूक आपली आहे हे त्याने हळूहळू मान्य करत आणलं होतं.

नवव्या दिवशी मी पोचले तेव्हा समितीचा कारकून जबाब ठेवून गेला होता. ‘सदर केबल माझ्याकडून वळवली गेली असावी व नोंद राहून गेली असावी.’ खाली सहीची जागा. डाव्या हाताने सही जमेना म्हणून वहिनी शाईचा पॅड घेऊन उभी होती. दादाने डावा अंगठा पुढे केला.

“थांब,” मी म्हणाले.

शीट दोन दिवसांपासून माझ्या पिशवीत होतं, डब्याखाली. मी ते त्याच्या मांडीवर पसरलं. त्याने आधी कोपरा वाचला, मग मजला, मग लाल रेष. पेन्सिलकाकाचं अक्षर वाचायला त्याला वेळ लागला. मग तारखेवर बोट ठेवून तो थांबला.

“ही तारीख ताब्याच्या आधीची आहे.”

“हो.”

“म्हणजे मी नाही वळवली.”

“नाही, दादा.”

तो उशीवर मागे रेलला आणि हसला. मी शिव्यांची तयारी करून आले होते, तोंडात बसली असती तरी चाललं असतं. त्याच्या हसण्याची तयारी माझ्याकडे नव्हती. “ऐकलंस का?” तो वहिनीला म्हणाला. “मी नाही वळवली. विसरलो नव्हतो मी. मी नीटच वाचलं होतं!” त्याचे डोळे भरून वाहत होते आणि पुसायला त्याने सवयीने उजवा हात वर केला.

वहिनी मात्र माझ्याकडे बघत होती.

“हा कागद कुठे होता, ताई?”

“माझ्या ऑफिसात. कपाटावर.”

“कधीपासून?”

“चौदा महिने.” आणि मग उरलेलंही सांगितलं, कोपऱ्याचं आणि पत्राचं. आवाज माझा मलाच परका वाटत होता.

वहिनीने शाईचा पॅड मिटला. “तुम्ही रोज डबा आणत होतात,” ती म्हणाली.

दादाचं हसू थांबलं होतं. तो शीटकडे परत बघत होता, आता वेगळ्या नजरेने, कामावरच्या.

“बारके, लाल किती शीटांवर होतं?”

“नळीभर.”

“त्यातलं वर चढवलंस किती?”

मी शीटची गुंडाळली जाणारी कड सरळ करत राहिले.

“एकही नाही?”

“फक्त कोपरा बदलला, दादा. सगळ्यांचा.”

“आणि दुसऱ्या मजल्यावर? तिथे लाल कुठे आहे?”

मी माझ्या भावाची भिंत तेवढी शोधली होती, बाकीची शीटं उलगडलीच नव्हती. तो उठून बसायला बघत होता, सलाइनची नळी ताणली गेली. “तिसऱ्याचं काम थांबवलंय,” तो म्हणाला, “म्हणून दांडे बसवणारे कंत्राटी लोक कालपासून दुसऱ्यावर लागलेत. तोच दांडा. तीच उंची.”

तेव्हा कुठे मला ते ऐकू आलं. मी आल्यापासून खालून ड्रिलचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

“बघतेस काय? पळ!”

लिफ्टची वाट बघितली नाही. जिन्यात कुणाला तरी धडकले, चप्पल एक मागे राहिली. दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये चाळिशीचा एक वायरमन बुटक्या स्टुलावर बसून भिंतीला ड्रिल लावत होता. कानांत आवाज अडवणारे बोळे. मी हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. मी वायरीच्या मागे धावत गेले आणि प्लग उपटला.

“काय हो, मॅडम!” तो उठला. “ड्रॉइंग बघूनच करतोय की. डोळ्यांदेखत एकाचा हात गेलाय इथे, आम्हाला काय जीव नकोसा झालाय?”

ड्रॉइंग त्याने चिकटपट्टीने शेजारी लावलं होतं, अगदी सरळ. कोपऱ्यात तो शब्द आणि त्याखाली माझी सही.

“हे ड्रॉइंग खोटं आहे,” मी म्हणाले.

आरडाओरडा ऐकून नर्स आली, दोन रुग्ण दारात उभे राहिले, आणि त्यांच्या मागून देखभालप्रमुख आला. मला ओळखून तो थबकला. “कोणतं खोटं आहे?”

“सगळी. दोनशे चौदा. बघितल्यासारख्या सह्या केल्या, बघितलं एकही नाही. कुठल्याच भिंतीला हात लावू देऊ नका. आणि माझ्या भावाने काही वळवलेलं नाही. ते पत्र मी लिहिलं, तेही खोटं आहे.”

वायरमनने आपण पाडलेल्या भोकांकडे पाहिलं, मग ड्रिल हळूच खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले.

“हे लिहून देता?” देखभालप्रमुखाने विचारलं आणि खिशातलं पेन पुढे केलं.

मी घेतलं. स्टुलावर बसले, भिंतीवरचं शीट ओढून काढलं आणि त्याच्याच मागे लिहायला लागले. माझ्या उजव्या हाताने लिहिता येत होतं.